डेस्डेमोना ते मिसेस मूर

श्रोतेहो, २५ मार्च १९८५ ची रात्र. अमेरिकेत ऑस्कर पारितोषिकांचा सोहळा रंगला होता. सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री म्हणून नाव पुकारलं गेलं, पेगी ॲशक्रॉफ्ट. चित्रपट होता डेव्हिड लीन यांचा 'अ पॅसेज टु इंडिया'. टाळ्यांचा गजर झाला, पण पारितोषिक घ्यायला बाई काही सभागृहात नव्हत्या. त्यांच्या वतीनं अँजेला लॅन्सबरी या अभिनेत्रीनं ती सोनेरी बाहुली स्वीकारली. पेगीबाईंचं वय तेव्हा सत्त्याहत्तर होतं. सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळवणाऱ्या त्या सर्वांत वयस्क विजेत्या ठरल्या.

जगभरच्या कित्येक प्रेक्षकांनी त्या वर्षी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. आपल्याकडेही तसंच झालं. कोण या बाई, इतके दिवस होत्या कुठे, असं अनेकांनी विचारलं. या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात द्यायचं तर ते असं : रंगमंचावर. पन्नासहून अधिक वर्षं त्या नाटक करत होत्या. लंडनच्या रसिकांना त्यांची ओळख करून द्यायची गरज नव्हती. पण नाटक ही फार निर्दय कला आहे. पडदा पडला की प्रयोग संपला. ज्यांनी पाहिला त्यांच्या आठवणीत तो राहतो, आणि ती माणसं गेली की आठवणही जाते. आपण बालगंधर्वांचा अभिनय असाच ऐकीव माहितीवर मानतो ना, तसंच.

आज मला पेगी ॲशक्रॉफ्ट यांच्या कारकिर्दीबद्दल बोलायचं आहे, ते दोन टोकांच्या दोन भूमिकांच्या आधारानं. एक १९३० मधली डेस्डेमोना आणि दुसरी १९८४ मधली मिसेस मूर. पहिली केली तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या आणि दुसरी केली तेव्हा शहात्तर वर्षांच्या. या दोन्ही बायकांमध्ये एक विलक्षण साम्य आहे. आपल्या समाजानं आखलेली वर्णाची रेघ दोघीही ओलांडतात. तेही घोषणा देत नाहीत, बंडाचा आव आणत नाहीत. समोरचा माणूस त्यांना माणूस म्हणून दिसतो, एवढंच. मधल्या चोपन्न वर्षांत या नटीनं काय काय केलं, ते पाहिलं की शेवटच्या त्या भूमिकेचं मोल कळतं.

पेगीबाईंचा जन्म २२ डिसेंबर १९०७ चा, लंडनच्या दक्षिणेला असलेल्या क्रॉयडन गावातला. वडील पहिल्या महायुद्धात कामी आले. आई हौशी नटी होती. एल्सी फोगर्टी नावाच्या विदुषी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाचा आणि अभिनयाचं विद्यालय चालवत. पेगीबाई सोळाव्या वर्षी तिथे दाखल झाल्या. लॉरेन्स ऑलिव्हिए हे त्यांचे तिथले सहाध्यायी. शुद्ध, घोटीव, सुंदर उच्चार हा त्या शाळेचा कटाक्ष. पेगीबाईंचं मन मात्र त्यात फारसं रमलं नाही. स्तानिस्लावस्कींचं आत्मचरित्र त्यांच्या हाती पडलं, आणि नाटक एकट्यादुकट्या नटाचं नसतं, ते सगळ्या मंडळीचं असतं, ही कल्पना त्यांच्या मनात रुजली. ती शेवटपर्यंत सुटली नाही. १९२६ मध्ये बर्मिंगहॅमच्या रंगमंचावर त्यांनी व्यावसायिक पदार्पण केलं. सोबत होते तरुण राल्फ रिचर्डसन.

आणि मग आलं १९३०. लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात 'ऑथेल्लो'चा प्रयोग ठरला. 'ऑथेल्लो' आपल्याला परका नाही. देवलांनी त्याचा 'झुंझारराव' केला आणि मराठी रंगभूमीनं तो डोक्यावर घेतला. शेक्सपिअरचा हा नायक काळ्या वर्णाचा सेनापती आहे. पण इंग्लंडमध्ये ती भूमिका गोरे नट तोंडाला काळा रंग फासून करत. एकोणिसाव्या शतकात इरा ऑल्ड्रिज या कृष्णवर्णीय नटानं ऑथेल्लो गाजवला होता. त्यानंतर लंडनच्या मोठ्या रंगमंचावर खराखुरा काळा ऑथेल्लो उभा राहिला तो या प्रयोगात. ते होते अमेरिकन गायक आणि नट पॉल रोबसन. वय बत्तीस, धिप्पाड देह आणि मंदिराच्या घंटेसारखा घुमणारा आवाज. इमिलिया झाल्या होत्या सिबिल थॉर्नडाइक, रॉडेरिगो राल्फ रिचर्डसन आणि डेस्डेमोना पेगी ॲशक्रॉफ्ट.

आज आपल्याला वाटेल, त्यात काय एवढं? पण त्या काळाचा विचार करा. रंगमंचावर एक काळा पुरुष एका गोऱ्या तरुणीचं चुंबन घेणार, ही कल्पनाच अनेकांना सहन होत नव्हती. पेगीबाईंना धमक्यांची, शिवीगाळीची पत्रं आली. सॅव्हॉय थिएटरच्या शेजारीच सॅव्हॉय हॉटेल आहे. आदल्याच वर्षी, १९२९ मध्ये, त्या हॉटेलच्या भोजनगृहात रोबसन यांना प्रवेश नाकारला गेला होता आणि ते प्रकरण लंडनमध्ये गाजलं होतं. म्हणजे बघा, एका इमारतीत ज्याच्या नावावर तिकिटं खपायची, त्याला शेजारच्या इमारतीत बसून जेवायची सोय नाही! बावीस वर्षांच्या पेगीबाईंना याचा जबर धक्का बसला. मध्यमवर्गीय घरात वाढलेल्या या मुलीनं वर्णद्वेष पुस्तकात वाचला असेल, पण इथे तो रोज रात्री आपल्या सहकलाकाराच्या वाट्याला येताना तिनं पाहिला. या नाटकानं आपल्याला राजकीय जाण दिली, असं त्या पुढे सांगत असत.

डेस्डेमोना ही नुसती सोशिक, रडवी नायिका म्हणून करता येते. पुष्कळ जणींनी तशी केली आहे. पण संहिता नीट वाचली तर पहिल्याच अंकात ही मुलगी भर दरबारात, बापासमोर उभं राहून सांगते की मी या माणसाशी लग्न केलंय आणि मी त्याच्याबरोबर जाणार. केवढं धाडस आहे हे! त्या प्रयोगाबद्दल समीक्षकांची मतं संमिश्र होती, पण डेस्डेमोनाचं कौतुक झालं. या गोजिरवाण्या दिसणाऱ्या मुलीचा कणा ताठ आहे, हे लंडनच्या लक्षात आलं.

त्यानंतर आली ज्युलिएट. १९३२ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नाट्यसंस्थेनं 'रोमिओ अँड ज्युलिएट' केलं. दिग्दर्शक होते जॉन गिलगुड, आणि त्यांचं ते पहिलंच दिग्दर्शन. संस्थेत सगळे विद्यार्थी पुरुष, त्यामुळे स्त्रीभूमिकांसाठी व्यावसायिक नट्या बोलावत. ज्युलिएट झाल्या पेगीबाई आणि दाई झाल्या इडिथ इव्हान्स. एका विद्यार्थ्याच्या वाट्याला त्यात जेमतेम एक वाक्य आलं होतं. त्याचं नाव टेरेन्स रॅटिगन. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

१९३५ मध्ये गिलगुड यांनी लंडनच्या न्यू थिएटरात तेच नाटक पुन्हा बसवलं. या वेळी गंमत अशी होती, की गिलगुड आणि ऑलिव्हिए आळीपाळीनं रोमिओ आणि मर्क्युशिओ करत. आज जो रोमिओ, तो काही आठवड्यांनी मर्क्युशिओ. दोघांची जात वेगळी. गिलगुड काव्य गाणारे, ऑलिव्हिए रक्तामांसाचे. लंडनमध्ये दोन तट पडले. पण दोघांच्याही समोर ज्युलिएट एकच. प्रयोग झाले १८६, म्हणजे त्या नाटकाचा तोवरचा विक्रमच. दोन टोकांच्या दोन नटांबरोबर तेच प्रेम, तेच मरण रोज नव्यानं खरं करायचं, हे काम किती कठीण असेल! रोमिओंच्या स्पर्धेवर पानंच्या पानं लिहिली गेली. मला मात्र या गोष्टीत खरी कसोटी ज्युलिएटची वाटते.

त्याच १९३५ मध्ये पेगीबाई आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'द थर्टीनाइन स्टेप्स' या चित्रपटात दिसल्या. भूमिका एवढीशी. स्कॉटलंडच्या ओसाड माळावर एका कर्मठ, संशयी, वयस्क शेतकऱ्याची तरुण बायको. पोलिसांपासून पळणारा नायक एका रात्रीपुरता त्यांच्या घरी आसरा मागतो. ही बाई त्याला लंडनबद्दल विचारते. तिथल्या बायका पायाची नखं रंगवतात म्हणे, खरं का? या एका प्रश्नात तिचं सगळं कोंडलेलं आयुष्य दिसतं. पोलीस आल्यावर ती त्याला मागच्या दारानं बाहेर काढते आणि नवऱ्याचा कोट त्याच्या अंगावर चढवते. त्या कोटाच्या खिशातल्या प्रार्थनेच्या पुस्तकामुळेच पुढे गोळी लागूनही तो वाचतो. कोट दिल्याबद्दल तिला मात्र मार खावा लागतो. सगळा मिळून काही मिनिटांचा प्रसंग. चित्रपट पाहून कित्येक वर्षं झाली तरी मला नायिकेपेक्षा ही शेतकरीण जास्त आठवते.

आता कुणाही हुशार नटीनं या टप्प्यावर काय केलं असतं? चित्रपटाकडे वळली असती. ऑलिव्हिए वळले. त्यांची पत्नी व्हिव्हियन ली वळल्या आणि जगप्रसिद्ध झाल्या. पेगीबाईंनी तसं केलं नाही. त्यांना हवी होती ती नाटक मंडळी. आपल्याकडे पूर्वी नाटक मंडळ्या होत्या, त्यांत नट पगारी असायचे, एकत्र राहायचे, आज नायक झालेला उद्या दूत व्हायचा. इंग्लंडमध्ये मात्र व्यावसायिक नाटक म्हणजे एका नाटकापुरती जमवाजमव. नाटक उतरलं की सगळे आपापल्या वाटेनं. अशानं नाटक वाढत नाही, असं पेगीबाईंचं ठाम मत होतं. म्हणून लिलियन बेलिस यांच्या ओल्ड व्हिकमध्ये त्यांनी १९३२-३३ चा हंगाम काढला. तिथे पैसा कमी आणि काम बेसुमार. मग १९३७-३८ मध्ये गिलगुड यांनी क्वीन्स थिएटरात स्वतःची मंडळी उभी केली, तिच्यात त्या गेल्या. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधली पोर्शिया, चेखव्हच्या 'थ्री सिस्टर्स'मधली धाकटी आयरिना अशा भूमिका त्यांनी केल्या. याच मंडळीत दुय्यम भूमिका करणारा एक तरुण नट होता, ॲलेक गिनेस. हेही नाव लक्षात असू द्या.

महायुद्धानंतरची वर्षं त्यांच्या भरभराटीची. १९५२ मध्ये त्यांनी 'द डीप ब्लू सी' हे नाटक केलं. न्यायाधीशाची बायको, प्रतिष्ठेचं घर सोडून एका वैमानिकाबरोबर भाड्याच्या खोलीत येऊन राहिलेली. पडदा उघडतो तेव्हा तिनं गॅस सोडून जीव द्यायचा प्रयत्न केलेला असतो. मनाची सगळी आवरणं उतरवायला लावणारी ही भूमिका होती, आणि सुरुवातीला ती करायला त्या बिचकत होत्या. या नाटकाचा लेखक कोण? तर ऑक्सफर्डमध्ये एक वाक्य बोलणारा तोच विद्यार्थी, टेरेन्स रॅटिगन! पुढच्याच वर्षी त्यांनी स्ट्रॅटफर्डला क्लिओपात्रा केली. अँटनी होते मायकेल रेडग्रेव्ह. इतकी सोज्वळ इंग्लिश बाई इजिप्तची मदालसा राणी कशी शोभेल, अशी नाकं मुरडली गेली. त्यांनी ती केलीच. १९५४ मध्ये इब्सेनची हेडा गाबलर केली. तो प्रयोग थेट इब्सेनच्या नॉर्वेत, ऑस्लोला गेला आणि नॉर्वेच्या राजानं त्यांना सुवर्णपदक दिलं. १९५६ मध्ये रॉयल कोर्ट थिएटरात ब्रेख्तचं 'गुड वुमन ऑफ सेत्झुआन' केलं. आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकरांनी ज्याचं 'देवाजीने करुणा केली' केलं, तेच हे नाटक. त्यात भली बाई आणि तिचा निष्ठुर चुलतभाऊ अशा दोन्ही भूमिका एकाच नटीला करायच्या असतात. त्याच वर्षी त्यांना 'डेम' हा किताब मिळाला. पुढे १९६२ मध्ये तर त्यांच्या जन्मगावच्या नव्या नाट्यगृहाला त्यांचंच नाव दिलं गेलं.

म्हणजे पन्नाशीला आलेली, मानसन्मान मिळालेली, लोकप्रिय नटी. अशा वेळी माणूस जपून पावलं टाकतो. निवडक भूमिका, मोठं मानधन, सत्कार. पण १९६० मध्ये पीटर हॉल नावाचा एकोणतीस वर्षांचा दिग्दर्शक त्यांच्याकडे आला. त्याला स्ट्रॅटफर्डला कायमस्वरूपी मंडळी उभारायची होती. नटांशी दीर्घ मुदतीचे करार करायचे, शेक्सपिअर आणि आजची नाटकं एकाच संचानं करायची. कल्पना मोठी होती, पण नावाजलेले नट एवढा काळ बांधून घ्यायला तयार होतील का, हा प्रश्न होता. पेगीबाईंनी होकार दिला. त्यांनी सही केल्यावर बाकीच्यांना धीर आला. हीच मंडळी पुढच्या वर्षी रॉयल शेक्सपिअर कंपनी या नावानं ओळखली जाऊ लागली. आज ती जगातल्या नामांकित नाट्यसंस्थांमध्ये गणली जाते. तिच्या पायात या बाईंचा दगड आहे.

मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा निर्णय. नटीचं वय वाढतं तशा तिच्या भूमिका कमी होतात, हे जगभरचं दुखणं आहे. आपल्याकडे तर चाळिशीनंतर आई आणि पन्नाशीनंतर सासू, संपला विषय. पेगीबाईंच्या बाबतीत उलटं झालं. मंडळीत गेल्यामुळे त्यांना त्या वयात अशा भूमिका मिळाल्या, की ज्या बाहेर कुणी देऊच केल्या नसत्या. बावन्नाव्या वर्षी त्यांनी 'टेमिंग ऑफ द श्रू'मधली तडफदार केट केली. समोर पीटर ओटूल, सत्तावीस वर्षांचा!

आणि १९६३ मध्ये 'द वॉर्स ऑफ द रोझेस'. शेक्सपिअरची 'सहावा हेन्री'ची तीन नाटकं आणि 'तिसरा रिचर्ड' यांची जॉन बार्टन आणि पीटर हॉल यांनी बांधलेली ही नाट्यत्रयी. हिच्यात राणी मार्गारेट अथपासून इतिपर्यंत आहे. सुरुवातीला ती फ्रान्सहून आलेली तरुण राजकन्या. मग भोळ्या राजाची करारी राणी. मग फौजा घेऊन लढणारी सेनानी. शत्रू हाती लागल्यावर त्याच्या डोक्यावर कागदी मुकुट चढवणारी आणि त्याच्याच कोवळ्या मुलाच्या रक्तात भिजलेला रुमाल त्याला डोळे पुसायला देणारी क्रूर बाई. पुढे तिचा स्वतःचा मुलगा तिच्या डोळ्यांदेखत मारला जातो. शेवटी उरते ती शाप देत फिरणारी जख्खड म्हातारी. पंचावन्न वर्षांच्या पेगीबाईंनी हा सगळा प्रवास केला. कधीकधी तिन्ही नाटकं एकाच दिवशी होत. सकाळी तरुणी आणि रात्री म्हातारी. परक्या देशातून आलेली राणी म्हणून 'र'चा उच्चार त्यांनी किंचित फ्रेंच वळणाचा ठेवला होता. एवढ्या बारीक गोष्टीनं तिचं परकेपण प्रत्येक वाक्यात जाणवत राहतं. सुदैवानं बीबीसीनं ही नाटकं चित्रित केली आणि १९६५ मध्ये दूरचित्रवाणीवर दाखवली, म्हणून ती आज आपल्यालाही पाहता येतात. मी पाहिली तेव्हा एका गोष्टीनं थक्क झालो. क्रौर्याच्या ऐन क्षणीही ही मार्गारेट राक्षसीण वाटत नाही. ती आतून कुठेतरी मोडलेली दिसते.

श्रोतेहो, आपण रेडिओवर बोलतो आहोत, तर रेडिओशी निगडित एक गोष्ट सांगायलाच हवी. इंग्लंडमध्ये १९६८ पर्यंत प्रत्येक नव्या नाटकाला लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याची परवानगी लागे. हॅरॉल्ड पिंटर यांच्या 'लँडस्केप' या नाटकातल्या काही शब्दांवर त्या कार्यालयानं बोट ठेवलं. पिंटर शब्द बदलायला तयार नव्हते. पण गंमत अशी, की रेडिओ या अधिकाऱ्याच्या कक्षेत येत नव्हता. मग एप्रिल १९६८ मध्ये ते नाटक बीबीसी रेडिओवर झालं. त्यातली बाई होत्या पेगी ॲशक्रॉफ्ट. स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेलं एक मध्यमवयीन जोडपं. तो कुत्रा, पाऊस, दारू असं काहीबाही बोलतोय. ती कधीतरी समुद्रकिनारी भेटलेल्या पुरुषाच्या आठवणीत आहे. दोघंही बोलतात, पण एकमेकांशी नाही. इथे नुसत्या आवाजानं एकटेपण उभं करायचं होतं. त्याच वर्षी नाटकावरची ती बंधनं कायद्यानं उठली आणि १९६९ मध्ये पेगीबाईंनी तेच नाटक रंगमंचावर केलं.

मार्च १९७६ मध्ये लंडनला थेम्सच्या काठावर नॅशनल थिएटरची नवी वास्तू उघडली. तिथे झालेला पहिला प्रयोग होता सॅम्युएल बेकेट यांच्या 'हॅपी डेज'चा. या नाटकातली विनी पहिल्या अंकात कमरेपर्यंत आणि दुसऱ्या अंकात गळ्यापर्यंत मातीत गाडलेली असते. हलता येत नाही, वळता येत नाही, पण तिची बडबड आणि उमेद काही संपत नाही. ती विनी केली अडुसष्ट वर्षांच्या पेगीबाईंनी. ज्युलिएट करणारी नटी कुठल्या कुठे येऊन पोचली, पाहा. शेवटी त्यांनी रंगमंचाचा निरोप घेतला तो १९८२ मध्ये, रॉयल शेक्सपिअर कंपनीच्याच 'ऑल्ज वेल दॅट एंड्ज वेल'मधली प्रेमळ, समंजस काउंटेस करून.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण इथून पुढे ती भारतात येते.

पॉल स्कॉट या इंग्लिश कादंबरीकारानं ब्रिटिश राजवटीच्या अखेरच्या काळावर चार कादंबऱ्या लिहिल्या. ग्रॅनडा टेलिव्हिजननं त्यांच्यावरून 'द ज्युएल इन द क्राउन' ही चौदा भागांची मालिका केली. तिचं बरंच चित्रण उदयपूर, म्हैसूर, सिमला अशा ठिकाणी झालं. जानेवारी १९८४ पासून ती इंग्लंडमध्ये दाखवली गेली. आपल्या झोहरा सेहगल, सईद जाफरी, ओम पुरी हेही तिच्यात होते. पेगीबाईंची भूमिका होती बार्बी बॅचलर, एक निवृत्त मिशनरी शिक्षिका. साधी, गबाळी, अखंड बडबडणारी. हिल स्टेशनवरच्या उच्चभ्रू इंग्रज बायकांच्या लेखी ती कुणीच नाही.

या बार्बीच्या मनात एक चित्र घर करून बसलं आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये, 'चले जाव'च्या धामधुमीत, तिची मैत्रीण मिस क्रेन रस्त्यावर जमावात सापडते. तिला वाचवताना तिचा भारतीय सहकारी मारला जातो, आणि ही बाई भर पावसात रस्त्याच्या कडेला त्या मृत माणसाचा हात हातात धरून बसून राहते. आयुष्यभर शाळा चालवून, धर्म शिकवून आपण या देशातल्या कुणाचा असा हात धरला का, हा प्रश्न बार्बीला सोडत नाही. देव आपलं ऐकत नाही, असं तिला वाटू लागतं. ती हळूहळू ढासळते आणि शेवटी सतत बोलणारी ही बाई पूर्ण गप्प होते. कादंबरीत ती इस्पितळाच्या खिडकीतून दूरवरच्या पारशी दख्म्यावर घिरट्या घालणारी गिधाडं पाहत असते, आणि तिचा मृत्यू होतो तो दिवस असतो ६ ऑगस्ट १९४५, हिरोशिमाचा. पेगीबाईंनी ही बार्बी अशी उभी केली, की मालिकेत पडद्यावर इतके साहेब, मडमा, नवाब असूनही लोकांच्या मनात राहिली ती ही दुर्लक्षित म्हातारी.

लगोलग डेव्हिड लीन यांचं बोलावणं आलं. इ. एम. फॉर्स्टर यांच्या १९२४ च्या कादंबरीवरचा चित्रपट, मुख्यतः दक्षिण भारतात होणारं चित्रण, गुहा, हत्तीवरची सवारी. मी पंचाहत्तर वर्षांची आहे हो, असं पेगीबाई म्हणाल्या, तर मीही आहे, असं लीन यांनी उत्तर दिलं, असा किस्सा सांगतात. हिशेबानं तो जुळतोही. दोघांच्या वयात जेमतेम तीन महिन्यांचं अंतर.

मिसेस मूर आपल्या न्यायाधीश मुलाला भेटायला भारतात आली आहे. एका रात्री ती एकटीच मशिदीत जाते. तिथे डॉक्टर अझीझ बसला आहे. ही भूमिका व्हिक्टर बॅनर्जी यांनी केली. ही मडम बूट घालूनच आत आली असणार, असं समजून तो चिडून ओरडतो. तर तिनं बूट आधीच बाहेर काढून ठेवलेले असतात. बस, एवढंच. पण त्या क्षणी अझीझचा राग जातो आणि दोन माणसांची मैत्री होते. या प्रसंगात पेगीबाई काहीही 'करत' नाहीत. चेहऱ्यावर थोडी भीती, थोडं कुतूहल आणि खूप आदर. मग त्या गुहेतला प्रतिध्वनी, त्यानं हादरून गेलेलं मन, सगळ्यावरचा उडालेला विश्वास. अझीझवर खोटा आळ आल्यावर तो निर्दोष आहे हे ती जाणते, पण न्यायालयाच्या त्या तमाशात सामील न होता ती परत निघते आणि वाटेत समुद्रावर तिचा मृत्यू होतो. इकडे न्यायालयाबाहेर जमलेली गर्दी तिच्या नावाचा गजर करते. जिनं फक्त बूट काढले होते, तिचा.

या चित्रपटात एक विरोधाभासही आहे, तो नजरेआड करू नये. नारायण गोडबोले या ब्राह्मण प्राध्यापकाची भूमिका केली आहे ॲलेक गिनेस यांनी. होय, क्वीन्स थिएटरच्या मंडळीतला तोच तरुण. १९३० मध्ये रोबसन यांनी ऑथेल्लो केला, त्यानंतर अर्धशतक उलटलं तरी भारतीय माणसाच्या भूमिकेसाठी गोऱ्या नटाच्या तोंडाला रंग लावला जात होता. मराठी आडनावाचा हा गोडबोले पाहताना आपल्याला अवघडल्यासारखं होतं, ते रास्तच आहे. रेघ पुसली गेली नव्हती. एकेक माणूस ती ओलांडत होता, एवढंच.

मिसेस मूरसाठी ऑस्कर मिळालं. ब्रिटिश अकादमीनं बार्बीलाही गौरवलं आणि मिसेस मूरलाही. त्या ऑस्करच्या चारच दिवस आधी, २१ मार्च १९८५ ला, त्यांच्या क्लिओपात्राचे अँटनी मायकेल रेडग्रेव्ह निवर्तले होते. जुनी मंडळी एकेक करून पांगत होती. पेगीबाई मात्र थांबल्या नाहीत. १९८९ मध्ये 'शीज बीन अवे' या चित्रपटात त्यांनी साठ वर्षं मनोरुग्णालयात डांबून ठेवलेली एक बाई केली. तरुणपणी ती चारचौघींसारखी वागली नाही, हाच तिचा गुन्हा. दिग्दर्शक होते पीटर हॉल. व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार त्यांना आणि सहकलाकार जेराल्डिन जेम्स यांना मिळून दिला गेला. या जेराल्डिन जेम्स 'ज्युएल इन द क्राउन'मध्येही त्यांच्यासोबत होत्या. हा मोठा पुरस्कारसुद्धा असा वाटून घेतलेला! १४ जून १९९१ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी पेगीबाई गेल्या.

त्यांची डेस्डेमोना आपल्याला कधीच पाहता येणार नाही. ज्युलिएट नाही, हेडा नाही, क्लिओपात्रा नाही. पण सत्त्याहत्तराव्या वर्षी जे पारितोषिक मिळालं, ते एका चित्रपटासाठी होतं असं मला वाटत नाही. मशिदीच्या दाराशी अनवाणी उभ्या असलेल्या त्या म्हातारीच्या चेहऱ्यावर सगळ्या जुन्या भूमिकांचा साठा होता. सॅव्हॉय थिएटरात आलेली ती शिवीगाळीची पत्रंही त्यात होती. कॅमेऱ्यानं उशिरा का होईना, ते टिपलं.

जमलं तर दोन चित्रपट पाठोपाठ पाहा. 'द थर्टीनाइन स्टेप्स' आणि 'अ पॅसेज टु इंडिया'. मध्ये एकोणपन्नास वर्षांचं अंतर आहे. पहिल्यात एक तरुण शेतकरीण अनोळखी माणसाच्या अंगावर कोट चढवते. दुसऱ्यात एक म्हातारी अनोळखी देवासाठी बूट काढते. दोन्ही वेळा कुणी तिला तसं करायला सांगितलेलं नसतं.